पाटीची शिरोरेषा मध्येच जाड का होते : सपाट पत्रा मशीनवर बसवताना वारंवार येणारी अडचण

पितळेची नावपाटी कोरून बाहेर काढावी आणि डाव्या कडेला शिरोरेषा बारीक, मधोमध जाड आणि उजव्या कडेला पुन्हा बारीक दिसावी, ही तक्रार या कामातील प्रत्येकाच्या ओळखीची आहे. प्रोग्राम तोच, टूल तेच, दिलेली खोली तीच, आणि तरीही चार-पाच पाट्यांमागे एखादी पाटी अशी निघते. कधी याच्या उलट होते, म्हणजे मधली अक्षरे नुसती खरवडल्यासारखी उमटतात. कधी शेवटच्या फेरीत पत्रा केसभर सरकतो आणि अक्षरांना दुहेरी कड येते. नागपुरात हिंगणा रस्त्यावरच्या माझ्या छोट्या कारखान्यात ही तिन्ही दुखणी अनेक वर्षे आलटून पालटून येत राहिली आणि प्रत्येक वेळी मी एकच उपाय करत गेलो, तो म्हणजे क्लॅम्प (पत्रा मशीनवर दाबून धरणारी पकड) आणखी आवळणे. त्याने दुखणे बरे झाले नाही, उलट बऱ्याच वेळा वाढले. लहान राउटरवर किंवा एन्ग्रेव्हिंग मशीनवर पातळ, सपाट जॉब (कोरायचा तुकडा) बसवणाऱ्यांनी कारण कसे शोधावे आणि कोणत्या क्रमाने शोधावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम शिरोरेषेविषयी. रोमन लिपीतील अक्षरे सुटी सुटी असल्यामुळे एका अक्षराची रेघ शेजारच्या अक्षरापेक्षा थोडी जाड झाली तर ते पाहणाऱ्याच्या पटकन लक्षात येत नाही. आपल्या लिपीत मात्र प्रत्येक शब्दावर एक अखंड आडवी रेघ असते, आणि मोठ्या पाटीवर ती वीतभर लांब असू शकते. त्या रेघेची जाडी जिथे बदलते तिथे पत्र्याची उंची बदललेली असते, असे सरळ समजावे. हिशोब सोपा आहे. ९० अंशांच्या व्ही टूलने (व्ही आकाराच्या टोकाच्या टूलने) कोरलेल्या रेघेची रुंदी, टोकाची बारीक सपाटी सोडून दिली तर, खोलीच्या दुप्पट असते. ०.२५ मिमी खोलीला रेघ ०.५ मिमी रुंद येते. पत्रा त्या ठिकाणी ०.१ मिमी वर आला असेल तर तीच रेघ ०.७ मिमी होते आणि ०.१ मिमी खाली दबला असेल तर ०.३ मिमी. कागदाच्या एका पानाच्या जाडीएवढे वर आणि तेवढेच खाली, एवढ्या फरकाने रेघ दुपटीहून अधिक बदलते, आणि मग ‘श’ची गाठ किंवा ‘क्ष’च्या आतली पोकळी भरून जाते. ६० अंशांच्या टूलला हा फरक कमी पडतो, कारण तिथे रुंदी खोलीच्या सुमारे १.१५ पट असते. म्हणून पत्रा पुरेसा सपाट बसत नसेल आणि काम अडले असेल तर अरुंद कोनाचे टूल लावून वेळ निभावता येते. मूळ कारण मात्र तसेच राहते.

कारण शोधण्याची रीत मला शेजारच्या शेडमधील एका जुन्या टर्नर काकांनी दाखवली. त्या दिवशी मी ३०० बाय २०० मिमीची, दीड मिमी जाडीची पितळी पाटी चार कोपऱ्यांवर चार क्लॅम्प लावून बसवली होती आणि पाना हातात घेऊन पाचव्यांदा आवळत होतो. काकांनी काहीही न बोलता डायल गेजचा (उंचीतला बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाचा) चुंबकी पाया स्पिंडलच्या (टूल फिरवणाऱ्या दांड्याच्या) शेजारी बसवला, गेजचे टोक पाटीच्या मध्यावर टेकवले, काटा शून्यावर आणला आणि म्हणाले, “आता एक क्लॅम्प सैल कर.” काटा खाली उतरू लागला. चारही क्लॅम्प सैल होईपर्यंत तो ०.१८ मिमी उतरला होता. म्हणजे पाटी घट्ट होत होती तेव्हा तिचा मध्य वर उचलला जात होता, आणि मी जितके आवळत होतो तितका तो अधिक उचलला जात होता. नंतर त्यांनी पेनाच्या मागच्या टोकाने पाटीवर ठिकठिकाणी टकटक केली. कडेला आवाज भरीव येत होता आणि मध्ये पोकळ. तेव्हापासून क्लॅम्प आवळताना माझी नजर पान्यावर नसते, गेजच्या काट्यावर असते. आवळताना काटा ०.०२ मिमीपेक्षा जास्त हलला तर मी तिथेच थांबतो आणि पाटीच्या खाली काय आहे ते पाहतो.

याच गेजने आणखी एक तपासणी करावी. पत्रा बसवून झाल्यावर गेजचे टोक मध्यावर ठेवून शेजारी बोटाने दाबावे. काटा खाली जाऊन परत येत असेल तर खाली पोकळी आहे. टूल तिथे पोहोचले की पत्रा दबेल, टूल पुढे गेले की उसळेल, आणि रेघेच्या कडेला करवतीसारखी बर, म्हणजे कापताना उठणारी धातूची धारदार किनार, उठेल. डायल गेज नसेल तर वर्तमानपत्राच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी पत्र्याच्या कडेखाली सरकवून पाहावी. चारही बाजूंनी ती सारखी अडली पाहिजे. जिथे ती सहज आत जाते तिथे आधार नाही. ही तपासणी करताना स्पिंडल बंदच असावा, हे सांगण्याची गरज नसावी, पण घाईच्या दिवशी हीच गोष्ट विसरली जाते म्हणून लिहून ठेवतो.

पत्रा मध्ये का फुगतो

पातळ पत्रा फुगण्यासाठी किती थोडे कारण पुरते, याची कल्पना मला भूमितीचा हिशोब मांडेपर्यंत नव्हती. ३०० मिमी लांबीच्या पट्टीची दोन टोके केवळ ०.०१ मिमीने एकमेकांकडे सरकली आणि पट्टीची लांबी तेवढीच राहिली, तर तिचा मध्य सुमारे १ मिमी वर येतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग आत ढकलला आणि त्याच्या शंभरपट वर उचलले गेले, असा हा प्रकार आहे. प्रत्यक्षात पत्रा थोडा दाबलाही जातो आणि क्लॅम्पखाली थोडा सरकतोही, त्यामुळे एवढा फुगवटा दिसत नाही. पण दिशा हीच असते. म्हणूनच पातळ पत्रा व्हाइसच्या दोन जबड्यांमध्ये आडवा धरणे ही या कामातील सर्वांत महागडी चूक आहे. सहा मिमीच्या वर जाडी असलेल्या तुकड्याला व्हाइस चालतो, कारण तो वाकण्याआधी पुरेसा विरोध करतो. दीड-दोन मिमीचा पत्रा विरोध करत नाही, तो सरळ कमान होतो.

आडवा दाब प्रत्येक वेळी आपणच दिलेला असतो असेही नाही. पितळ दर अंश सेल्सिअसला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १९ भाग वाढते. ३०० मिमीची पितळी पाटी दोन अंशांनी तापली तरी ती ०.०१ मिमीने लांबते. दोन्ही टोके पक्की जखडलेली असतील तर ती वाढ जाणार कुठे? पत्र्याच्या छपराखालच्या शेडमध्ये दुपारची तिरीप मशीनच्या बेडवर (पत्रा ज्यावर बसवतात त्या टेबलावर) येते तेव्हा दोन अंशांचा फरक पडायला फार वेळ लागत नाही. अॅक्रिलिकची वाढ तर पितळेच्या तिप्पट-चौपट असते. ६०० मिमीचे अॅक्रिलिक १५ अंशांनी तापले तर ते जवळजवळ ०.६ मिमी लांबते. सकाळी गोदामातून काढलेले शीट चारही बाजूंनी आवळून ठेवले आणि दुपारी काम सुरू केले, तर मधला भाग ढोलासारखा वाजतो. यावर उपाय असा की पत्र्याची एक बाजू पक्की धरावी आणि समोरच्या बाजूला फक्त वरून खाली दाब द्यावा, आडवा आधार देऊ नये. म्हणजे वाढीला सरकायला वाट राहते. शिवाय शीट किमान काही तास मशीनच्याच खोलीत ठेवून मगच बसवावे.

क्लॅम्पची मांडणीही तपासावी. पट्टी-क्लॅम्पमध्ये बोल्ट जॉबच्या जवळ आणि मागच्या पॅकिंगपासून (पट्टीचे मागचे टोक ज्यावर टेकते त्या ठोकळ्यापासून) दूर असावा, म्हणजे बोल्टच्या ताणाचा मोठा हिस्सा जॉबवर येतो. बोल्ट मागच्या पॅकिंगकडे सरकवला तर आपण पॅकिंगच घट्ट दाबून ठेवतो आणि जॉब मोकळाच राहतो. मागचे पॅकिंग जॉबपेक्षा किंचित उंच असावे. ते बुटके असेल तर क्लॅम्पची पट्टी मागे झुकते, तिचे टोक जॉबला आडवे ढकलते आणि कडेच्या धारेवर दाबते, आणि फुगवटा तिथूनच सुरू होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्लॅम्पचे टोक जिथे वरून दाबते, बरोबर त्याच बिंदूखाली पत्र्याला टेकण असले पाहिजे. मी पूर्वी बेड खराब होऊ नये म्हणून पाटीच्या खाली, कडेपासून दोन बोटे आत, प्लायच्या पट्ट्या ठेवत असे आणि क्लॅम्प मात्र कडेवर लावत असे. तो सी-सॉ झाला होता.

बर, धूळ आणि संरक्षक फिल्म

इतवारीच्या बाजारातून शिअरवर (पत्रा कापण्याच्या कातरीवर) कापून आणलेल्या पत्र्याची कड निरखून पाहावी. एका बाजूला ती गोलसर दबलेली असते आणि दुसऱ्या बाजूला धारदार बर उभी असते. ती बर खालच्या बाजूला ठेवून पत्रा बसवला तर पत्रा बेडवर टेकतच नाही, चारी कडांच्या बरीवर तोलून उभा राहतो. अंगठ्याचे नख कडेवरून आडवे ओढले की बर अडते आणि ताबडतोब कळते. बारीक कानशीने दोन हात मारून वर तेलदगड फिरवला की हे काम एका मिनिटात होते, आणि माझ्या अनुभवात फुगलेल्या पाट्यांपैकी निम्म्यांचे दुखणे एवढ्यानेच संपले. त्याच वेळी बेड ब्रशने झाडावा. पितळेची एक चिप (कापताना निघालेला कण) पत्र्याखाली राहिली तर वरच्या बाजूला तिथे बरोबर एक जाड टिंब उमटते.

संरक्षक फिल्मचा प्रकार मला फार उशिरा कळला. अॅल्युमिनियम, अॅक्रिलिक आणि काही स्टेनलेस पत्र्यांच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकची फिल्म येते. मागची फिल्म तशीच ठेवून खाली डबल टेप लावला तर टेप फिल्मला घट्ट धरतो, पण फिल्म पत्र्याला फक्त साठवणीपुरती चिकटलेली असते. टूलचा आडवा जोर आला की पत्रा फिल्मवरून सरकतो, आणि आपण टेपला दोष देत राहतो. टेप वापरायचा असेल तर खालची फिल्म काढलीच पाहिजे. वरची फिल्म ठेवण्यास हरकत नाही, मात्र तिच्यात हवेचे बुडबुडे नसावेत.

बेड स्वतःच सपाट आहे का

बहुतेक लहान मशीनवर धातूच्या बेडवर एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) बळीचा तक्ता असतो, म्हणजे बेड वाचवण्यासाठी टूलने कापला गेला तरी चालेल असा, आणि एमडीएफ पाणी पितो. नागपुरात हे दुखणे वर्षातून दोनदा येते. पहिल्यांदा मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांच्या वर असतो आणि शेडमध्ये कूलर दिवसरात्र चालू असतो. कूलरच्या झोताची ओली हवा तक्त्याच्या ज्या कडेवर लागते ती कड फुगते, आणि आठवडाभरात बेडचा तो कोपरा उंच झालेला असतो. दुसऱ्यांदा मृगाच्या सरी सुरू झाल्यावर संपूर्ण तक्ताच फुगतो. उन्हाळ्यात सपाट केलेला बेड जुलैमध्ये सपाट असेल असे गृहीत धरू नये. मी कूलर अशा ठिकाणी सरकवला आहे की झोत माणसाच्या अंगावर येतो, मशीनवर येत नाही. तक्त्याच्या चारही कडांना वॉर्निशचे दोन हात दिले आहेत. आणि ऋतू बदलला की मोठ्या सपाट कटरने संपूर्ण तक्त्यावरून ०.२ ते ०.३ मिमीची एक फेरी मारतो. त्या फेरीनंतर तक्त्यावर हात फिरवावा. शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्ये पायऱ्या जाणवत असतील तर स्पिंडल बेडला काटकोनात नाही, आणि ते आधी दुरुस्त केल्याशिवाय पुढचे सगळे उपाय वाया जातील. तक्ता बेडला ज्या स्क्रूंनी बसवला आहे ते फार आवळले तरी त्यांच्या भोवती तक्ता खोलगट होतो, हेही ध्यानात असू द्यावे.

पत्रा सरकतो तेव्हा

फुगणे आणि सरकणे ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि त्यांवर एकाच क्लॅम्पने इलाज करायला गेलो की दोन्ही बिघडतात. टूल पत्र्याला आडवे ढकलते आणि काही टूल वर ओढतात. आडवा जोर पेलण्यासाठी पत्र्याला भिंत हवी, आणि वर ओढणारा जोर पेलण्यासाठी वरून दाब किंवा खालून चिकट पकड हवी. ही दोन कामे मी वेगळी केली तेव्हापासून माझी अर्धी कटकट संपली. बेडमध्ये सहा मिमीच्या तीन डॉवेल पिना (गोल खुंट्या) ठोकाव्यात : दोन लांब बाजूला आणि एक आखूड बाजूला. पत्रा या तीन पिनांना हलकेच टेकवावा, जोराने दाबू नये. पिना पत्र्याच्या पृष्ठभागापेक्षा खाली राहतील एवढ्याच उंच ठेवाव्यात, म्हणजे टूल त्यांवर आदळणार नाही. आता टूलचा आडवा जोर एका दिशेला पिनांवर जातो, आणि टेपने किंवा व्हॅक्यूमने फक्त उचल रोखायची असते. शिवाय मध्येच वीज गेली आणि जॉब हलला, तरी तो पिनांना पुन्हा टेकवला की शून्य, म्हणजे प्रोग्रामचा आरंभबिंदू, जागेवर मिळते.

डबल टेप निवडताना जाड फोमचा टेप टाळावा. भिंतीवर फलक लावण्यासाठी तो उत्तम आहे, पण मशीनखाली तो गादीसारखा दबतो आणि खोलीची वाट लावतो. पातळ टिश्यूचा टेप घ्यावा. पट्ट्या एकमेकींवर चढवू नयेत, कारण जिथे दोन थर येतात तिथे पत्रा कागदभर वर येतो आणि शिरोरेषेवर त्याची खूण उमटते. पत्र्याची मागची बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करावी, मग पत्रा ठेवून रबरी रोलरने सर्वत्र दाबावे. या टेपचा चिकटपणा दाबावर अवलंबून असतो, नुसते वर ठेवून भागत नाही.

मे महिन्यात टेपवर फार विसंबू नये. उन्हाने तापलेल्या शेडमध्ये टेपचा चिकट थर मऊ पडतो, आणि मऊ पडलेला चिकट थर एकदम सुटत नाही, तर जोर लागेल तसा हळूहळू वाहतो. एका दुपारी दारांवर लावायच्या अॅक्रिलिक पाट्यांचा गठ्ठा करत असताना पहिल्या पाटीपासून नवव्या पाटीपर्यंत अक्षरे थोडी थोडी उजवीकडे सरकत गेलेली मी संध्याकाळी एकीवर एक ठेवल्यावर पाहिली. एकही पाटी उडाली नव्हती, एकही आवाज आला नव्हता. तेव्हापासून उन्हाळ्यात टेपचे काम मी सकाळी दहाच्या आत उरकतो, आणि पिनांशिवाय तर करतच नाही.

दुसरी रीत अशी की बेडवर मास्किंग टेप लावावा, पत्र्याच्या पाठीवरही मास्किंग टेप लावावा आणि दोन्हींच्या मध्ये सायनोअॅक्रिलेट, म्हणजे आपल्याकडे फेविक्विक म्हणून ओळखला जातो तो झटपट गोंद, थेंबाथेंबाने टाकावा. पकड विलक्षण चांगली येते आणि काढताना टेप सोलला की पत्रा स्वच्छ निघतो. एक गोष्ट मात्र नागपूरकरांनी ध्यानात ठेवावी. हा गोंद हवेतील बाष्पामुळे घट्ट होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, कूलर बंद असताना, तो पावसाळ्यापेक्षा बराच हळू धरतो. जुलैत अर्ध्या मिनिटात धरणाऱ्या गोंदाला उन्हाळ्यात पाच मिनिटे द्यावीत आणि त्या वेळात वर वजन ठेवावे. चुकून सांडलेला गोंद धातूवरून अॅसिटोनने निघतो, पण अॅक्रिलिकवर अॅसिटोन कधीही लावू नये, ते शीट पांढरे करते आणि चिरवते.

व्हॅक्यूम बेडविषयी बरेच गैरसमज आहेत. त्याची ताकद पंपाची नसते, वातावरणाची असते, आणि ती क्षेत्रफळावर ठरते. आपल्या शहराच्या उंचीवर हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ १ किलो आहे. पंपाने त्याचा ८० टक्के भाग मिळवून दिला तर ३०० बाय २०० मिमीच्या पाटीवर सुमारे ४८० किलोंचा दाब येतो, ही फार मोठी पकड आहे. पण तीच मशीन ५० बाय २५ मिमीची छोटी पाटी धरते तेव्हा दाब अवघा १० किलो असतो, आणि घसरण्याला होणारा विरोध त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढाच, म्हणजे दोन-अडीच किलो. मोठा जॉब पहाडासारखा स्थिर राहतो आणि छोटा जॉब पहिल्याच फेरीत उडतो, याचे कारण एवढेच आहे. छोटे जॉब व्हॅक्यूमवर करायचे असतील तर ते एका मोठ्या शीटमध्येच कोरावेत आणि सुटे सर्वांत शेवटी करावेत. एमडीएफमधून हवा ओढणाऱ्या बेडवर तक्त्याची वरची आणि खालची कठीण साय एकदा कटरने काढावी लागते, कारण तीच हवा अडवते. आणि कडा रंगाने बंद कराव्या लागतात, नाहीतर पंप बाजूनेच हवा पीत राहतो. रबरी दोरीच्या चौकटीचा बेड असेल तर पातळ पत्र्याखाली आतही टेकण हवे. नुसत्या चौकटीवर ठेवलेला एक मिमीचा पत्रा आत ओढला जातो, आणि मधली अक्षरे पुसट येतात ती यामुळे. शक्य असल्यास व्हॅक्यूम स्विच मशीनच्या नियंत्रणाला जोडून घ्यावा, म्हणजे व्हॅक्यूमची पकड कमी होताच फीड (टूलचे पुढे सरकणे) थांबेल.

चुंबकी चकवर पितळ, तांबे, अॅल्युमिनियम आणि ३०४ स्टेनलेस धरले जात नाही, त्यामुळे आपल्या कामात त्याचा उपयोग साध्या लोखंडी पत्र्यापुरता आहे.

अगदी लहान, वेड्यावाकड्या कडेच्या तुकड्यांसाठी मला आपल्या सोनारांची रीत सर्वांत विश्वासाची वाटते. दागिन्यावर काम करताना ते तो लाखेवर बसवतात, कारण लाख तुकड्याच्या पूर्ण पाठीला आधार देते आणि त्याला कुठूनही दाबत नाही. शिक्के आणि छोटी बोधचिन्हे मी एका लोखंडी ठोकळ्यावर लाख वितळवून तिच्यावर बसवतो. तुकडाही थोडा गरम करावा लागतो, नाहीतर लाख त्याला धरत नाही. वरून सपाट वजन ठेवून ठोकळा पूर्ण थंड होऊ द्यावा. काम झाल्यावर ठोकळा पुन्हा गरम केला की तुकडा सुटतो आणि उरलेली लाख स्पिरिटने निघते. वेळ लागतो, पण बोटाच्या नखाएवढ्या पितळी तुकड्यावर याहून सपाट बसवण मला मिळालेली नाही.

पकड ठीक असूनही बिघडते तेव्हा

इथपर्यंतचे सर्व तपासून झाले असेल आणि तरीही पत्रा उचलला जात असेल तर टूलकडे वळावे. चिप वर फेकणारा सर्पिल कटर पत्र्यालाही वर ओढतो. पातळ पत्र्याच्या आरपार कापणीसाठी चिप खाली दाबणारा किंवा सरळ धारेचा कटर घ्यावा. चिप अडकू नये म्हणून फीड आणि हवेचा झोत मात्र सांभाळावा लागतो. बोथट टूल कापत नाही, रेटते, आणि चांगली पकडही त्याच्यापुढे हरते. भिंगातून पाहिल्यावर टोकाशी चमकणारा ठिपका दिसला तर ते टूल धारेला द्यावे. टूल सरळ खाली घुसवण्याऐवजी उतारावरून आत न्यावे. कामाचा क्रम आधी कोरीव अक्षरे, मग भोके आणि सर्वांत शेवटी बाहेरची कड असा ठेवावा. कड कापताना तळाशी ०.२ ते ०.३ मिमीचा पापुद्रा सोडून नंतर तो हाताने मोडावा आणि कानशीने साफ करावा. पूर्ण सुटा झालेला तुकडा टूलखाली फिरून स्वतःला आणि टूलला दोघांनाही खराब करतो, आणि डोळ्यांवर चष्मा नसेल तर माणसालाही. चालू टूलखाली पत्रा बोटाने दाबून धरण्याचा मोह कितीही अनुभवी कारागिराने करू नये.

उरलेले एक कारण पत्र्याच्या पोटातले असते. रोलमधून दाबून काढलेल्या पत्र्याच्या वरच्या आणि खालच्या थरांत ताण साठलेला असतो. अक्षरे उठावदार ठेवून भोवतालची पूर्ण पार्श्वभूमी खोदली, तर एका बाजूचा ताण निघून जातो आणि पत्रा क्लॅम्प काढताच वाकतो. मशीनवर असताना सगळे सरळ दिसते म्हणून हे कारण सापडायला वेळ लागतो. असे काम दोन टप्प्यांत करावे. आधी बहुतेक माल काढून घ्यावा, सर्व क्लॅम्प सैल करून पत्र्याला हवा तसा वाकू द्यावा, मग त्याला पाठीकडून सारखा आधार देऊन हलक्या हाताने पुन्हा बसवावे आणि शेवटची बारीक फेरी मारावी. पत्रा जाड घेतला तर हे दुखणे कमी होते, आणि ग्राहकाला दीडऐवजी तीन मिमीची पाटी घ्यायला सांगणे मला दोन वेळा काम करण्यापेक्षा सोपे वाटते.

नवीन गठ्ठा सुरू करताना मी हल्ली पहिल्या पत्र्यावर अक्षरे कोरतच नाही. एक रद्दी पत्रा त्याच पिनांना टेकवून, त्याच पकडीत, ०.१ मिमी खोलीची एक सरळ रेघ डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत आणि एक वरपासून खालपर्यंत मारतो, आणि भिंगातून दोन्ही रेघा टोकापासून टोकापर्यंत पाहतो. रेघ मध्ये जाड असेल तर फुगवटा आहे, म्हणून क्लॅम्प आणि बर पाहतो. एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सारखी जाड होत गेली असेल तर बेड तिरका आहे. एकाच ठिकाणी गाठ आली असेल तर खाली चिप किंवा टेपचा दुहेरी थर आहे. रेघेची एक कड स्वच्छ आणि दुसरी कड बरीने भरलेली असेल तर टूल बोथट आहे.

आणि एखादी पितळी पाटी बिघडलीच तर ती लगेच भंगारात टाकू नये. दुहेरी कड आलेल्या अक्षरांवर पुन्हा टूल फिरवण्याचा प्रयत्न सहसा फसतो, कारण पत्रा नेमक्या त्याच जागी परत बसत नाही. पाटी उलटी करून पाठीवर नव्याने कोरावी. मात्र त्याआधी कोरलेल्या बाजूची उठलेली बर तेलदगडाने पूर्ण घासून घ्यावी, कारण आता ती बाजू खाली जाणार आहे.